वरच्या काकांना धडा शिकवण्याआधी

पत्र थोडक्यात असं: मुलुंड पूर्वेतल्या चार मजली, लिफ्ट नसलेल्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या ४६ वर्षांच्या वाचक ताई लिहितात, "इमारत १९९१ची. आमच्या बाथरूमच्या सिलिंगमधून दोन वर्षं पाणी गळतंय. पावसाळ्यात तर बादली लावावी लागते. प्लास्टरचे पोपडे पडलेत, एका जागी सळई दिसते. वर राहणारे काका सोसायटीचे माजी सेक्रेटरी. घराची रचना आमच्यासारखीच, संडास-बाथरूम वेगळे. तीन वेळा सांगितलं, दर वेळी 'बघू'. चौथ्या वेळी म्हणाले, 'साहेबांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो.' माझं डोकंच फिरलं. सिलिंगचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, 'माजी सेक्रेटरींचा कारभार पाहा.' त्यावर त्यांनी तीन पानी टाइप केलेलं उत्तर आमच्या लेटरबॉक्समध्ये टाकलं. म्हणे २०१७ साली आम्ही बाथरूममध्ये तोडफोड करून नळाची लाइन हलवली, तेव्हापासून हे सुरू झालं. आता जिन्यात समोर आले तरी मान फिरवतात. त्यांच्या घरी ८८ वर्षांची अंथरुणाला खिळलेली आई आहे, म्हणून मी इतके दिवस गप्प बसले. कमिटी म्हणते तुमचं तुम्ही मिटवा. निषेध म्हणून पाच महिने मेन्टेनन्स भरलेला नाही. मी मुळात भिडस्त, सगळे त्याचाच फायदा घेतात. नवरा म्हणतो जाऊ दे, मैत्रीण म्हणते वकिलाची नोटीस पाठव. घर माझ्या नावावर आहे. या माणसाला धडा कसा शिकवू?"

ताई, नमस्कार.

सगळ्यात आधी एक काम आजच करा. गळणाऱ्या जागेजवळ गिझरचा पॉइंट किंवा दिव्याची वायर असेल तर त्या भागाचा एमसीबी (विजेच्या बोर्डातला सुरक्षा स्विच) खाली पाडून ठेवा, इलेक्ट्रिशियनला दाखवेपर्यंत वर करू नका. आणि सुटलेलं प्लास्टर एखाद्या गवंड्याकडून काठीने ठोकून पाडून घ्या. ते कधीतरी डोक्यावर पडण्यापेक्षा ठरवून पडलेलं बरं. पाडण्याआधी फोटो मात्र काढून ठेवा.

आता धड्याबद्दल. तो कुणाला शिकवायचा, हेच तुमच्या पत्रावरून नक्की होत नाही. वरच्या घरातली माणसं बाराही महिने अंघोळ करतात. मग बादली पावसाळ्यातच का लावावी लागते? लादीच्या फटींतून किंवा नहाणी ट्रॅपच्या (बाथरूमच्या जमिनीतल्या जाळीखाली सांडपाणी जातं त्या भागाच्या) सांध्यातून पाणी झिरपत असेल तर ते मे महिन्यातही तेवढंच झिरपायला हवं. पावसात वाढणारी गळती बहुतेक वेळा बाहेरच्या भिंतीच्या तड्यातून, छज्ज्याच्या सांध्यातून, नाहीतर डक्टमधल्या (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतल्या) फुटक्या पाइपामधून येते. तसं निघालं तर तुमचं भांडण काकांशी नाहीच, सोसायटीशी आहे. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप, ड्रेनेज आणि पावसाच्या पाण्याची गळती यांची दुरुस्ती सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायची असते. घराच्या आतल्या नळाची, न्हाणीची ज्याची त्याने. 'तुमचं तुम्ही मिटवा' म्हणणाऱ्या कमिटीने हे वाचलेलं नाही, किंवा वाचलंय म्हणूनच ती तसं म्हणते.

तिसरी शक्यता तुम्हाला आवडणार नाही. तेव्हाच्या कित्येक इमारतींत वरच्या नहाणी ट्रॅपचा बेंड खालच्या घराच्या छताखाली उतरलेला असतो. २०१७ साली तुमच्या मिस्त्रीने छताजवळ भिंत फोडताना त्याला धक्का दिला असेल तर सांधा सैल होऊ शकतो. म्हणजे काकांची तीन पानं अगदीच बिनबुडाची असतील असं नाही. ती रागाने चुरगाळून टाकली नसतील तर शोधून काढा. त्यांत त्यांना काय डाचतंय ते त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलंय, आणि समोरच्याकडून असं काही फुकटात मिळणं दुर्मीळ.

पाणी कुठून येतं हे कळण्यासाठी वरच्या घरात पाऊलही टाकावं लागत नाही, निदान पहिले दहा दिवस तरी. ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढा, बाजूला तारीख आणि वेळ लिहा. रोज सकाळी आणि रात्री ओल रेघेबाहेर गेली का पाहा. थेंब पडत असतील तर खाली मोजमापाचा प्लास्टिकचा मग ठेवून तासाला किती मिलिलिटर जमतं ते वहीत नोंदवा. शेजारी लिहा, वर अंघोळी केव्हा झाल्या (आवाज येतोच), पाऊस होता का, टाकीचा पंप केव्हा चालू होता. या वहीतून बरंच कळतं. रात्रंदिवस एकाच गतीने टपकत असेल तर गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या पाइपावर संशय घ्या, कारण त्यात पाणी कायम भरलेलं असतं. अंघोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासात वाढून दुपारी मंदावत असेल तर ट्रॅप, ड्रेनेजचा सांधा किंवा लादी. पाऊस पडून गेल्यावर दिवसभराने वाढून पुढे दोन दिवस रेंगाळत असेल तर बाहेरची भिंत. थेंबाला साबणाचा फेस किंवा वास असेल तर ते सांडपाणीच. इतर वाचकांना एक आयती संधी गणपतीत मिळते. वरची माणसं गावी गेली की पाच दिवसांत टपकणं थांबलं का, एवढंच पाहायचं.

वरच्या घरातल्या दोन चाचण्या काकांच्या संमतीशिवाय होणार नाहीत, पण त्या काय असतात ते आधी समजून घ्या, म्हणजे बोलताना तुमच्या तोंडी 'तुमचं बाथरूम गळतंय' याऐवजी 'असं तपासूया' हे वाक्य येईल. एक, पाणी कोंडून ठेवण्याची. रविवारी सगळ्यांच्या अंघोळी आटोपल्या की ट्रॅपच्या तोंडात कापडी बोळा घट्ट बसवायचा, उंबऱ्याच्या आत राहील असं इंचभर पाणी भरायचं, भिंतीवर पातळीची खूण करायची आणि २४ तास थांबायचं. तेवढ्यात खाली काही दिसलं नाही तर ४८ तास, कारण लादीखालचा विटांच्या तुकड्यांचा कोबा आधी स्वतः पाणी पितो. बोळा असताना गळती वाढली तर दोष लादीत किंवा वॉटरप्रूफिंगमध्ये. बोळा काढून पाणी सोडल्यावरच वाढली तर ट्रॅपच्या खालच्या सांध्यात. दुसरी चाचणी रंगाची. बाथरूमच्या ट्रॅपमध्ये एक रंग, संडासात दुसरा. इथे लोक हमखास लाल रंग घेतात आणि फसतात, कारण सळईच्या गंजाचं पाणीही तांबूसच येतं. निळा आणि हिरवा घ्या. आणि रंग उतरला नाही म्हणजे गळती नाही असंही समजू नका, कोबा रंग गाळून घेतो. रंग दिसला तर पुरावा, नाही दिसला तर काहीच सिद्ध होत नाही.

आता तुमच्याकडे वळतो, आणि इथे जरा कडू बोलावं लागणार आहे.

तुम्ही स्वतःला भिडस्त म्हणता. मला तसं दिसत नाही. भिडस्त माणूस वीस घरांच्या ग्रुपवर 'कारभार पाहा' लिहीत नाही. तुम्ही साठवून ठेवता. तीनदा 'बघू' ऐकून गप्प घरी येता, त्या गप्प बसण्याचं व्याज मनात चढत राहतं आणि चौथ्या वेळी मुद्दल-व्याज एकदम वसूल करायला जाता. समोरच्याला मात्र पहिले तीन हप्ते दिसलेलेच नसतात. त्याच्या दृष्टीने बाई काल हसून बोलत होत्या आणि आज चव्हाट्यावर आणलं. हे ओळखलंत तर उपाय अगदी साधा आहे. पहिल्याच 'बघू'ला तारीख मागायची. "बघू म्हणजे कधी, काका? पुढच्या रविवारी प्लंबर आणू का?" यात उद्धटपणा नाही आणि साठवणही नाही.

आईंचा विचार करून गप्प राहिलात, असंही लिहिलंय. त्यातली माणुसकी खरी आहे. पण तो विचार तुम्ही काकांना बोलून दाखवलात का? नसेल तर तो त्यांच्या खात्यावर जमाच झालेला नाही.

मग तुमच्या कच्च्या बाजू. २०१७च्या कामाला सोसायटीची लेखी परवानगी होती का? पत्रात उल्लेख नाही, त्यावरून नसावी असं धरतो. काका तेव्हा सेक्रेटरी असतील तर त्यांच्याकडे त्याची तारीखसुद्धा असेल. परवानगी नसल्याने तुमची गळती खोटी ठरत नाही, पण प्रकरण वर नेलंत तर पहिलं कागदपत्र तेच पुढे येईल. त्यामुळे त्या कामाचा मिस्त्री सापडला तर लाइन कुठून कुठे नेली ते त्याच्याकडून एका कागदावर रेखाटून घ्या. दुसऱ्याने बोट ठेवण्याआधी आपली दुखरी जागा आपल्याला नेमकी माहीत हवी.

मेन्टेनन्स रोखणं ही तर सरळ चूक आहे. हा निषेध मुंबईत इतका लोकप्रिय का आहे कळत नाही, कारण तो फक्त करणाऱ्यालाच लागतो. उपविधींप्रमाणे थकबाकीवर व्याज लागू शकतं, वसुलीसाठी सोसायटी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाऊ शकते, आणि 'थकबाकीदार' हा शिक्का बसला की सभेत तुमच्या तोंडून गळतीचा 'ग' निघाला तरी कुणीतरी हिशेबाचं पान उघडतं. ज्या कमिटीकडून काम करून घ्यायचंय तिच्याच हाती तुम्ही काठी दिलीत. सगळी रक्कम या आठवड्यात भरा. मनाचं समाधान हवं असेल तर सोबतच्या पत्रात 'गळतीच्या तक्रारीचा हक्क अबाधित ठेवून' असं लिहा आणि पोच घ्या.

अजून एक प्रश्न स्वतःला विचारा, आणि उत्तर कुणाला दाखवू नका: तुम्हाला नक्की काय हवंय? कोरडं सिलिंग, काकांची माफी, की चूक त्यांचीच होती हे सगळ्या सोसायटीने मान्य करणं? कोरड्या सिलिंगसाठी काकांनी आपलं दार उघडावं लागेल. माफी आणि जाहीर कबुली यांच्यासाठी त्यांना कोपऱ्यात घ्यावं लागेल, आणि कोपऱ्यात घेतलेला माणूस दार उघडत नाही. पहिलं मिळेपर्यंत उरलेली दोन बाजूला ठेवता येतील का, हे तुमचं तुम्हीच ठरवायचंय. पैशाचंही तसंच. चाचणीच्या खर्चात वाटा उचलणार का, दुरुस्तीत काही देणार का, तुमच्या सिलिंगचं प्लास्टर आणि रंग त्यांच्याकडून मागणार की स्वतः करणार? आकडे भेटीआधी कागदावर उतरू द्या. जिन्यात उभ्या उभ्या सुचलेला आकडा एकतर फार मोठा असतो किंवा फार लहान.

आणि आता काका. एका कागदावर तीन रकाने आखा: पाहिलेलं, ऐकलेलं, मानलेलं. तुमच्याच पत्रातून भरू. पाहिलेलं: तीनदा 'बघू' म्हणाले, एकदा 'साहेबांना पाठवा' म्हणाले, ग्रुपवरच्या एका ओळीला तीन पानं टाइप करून उत्तर दिलं, जिन्यात मान फिरवतात, घरात ८८ वर्षांची आई आहे. ऐकलेलं: जवळपास रिकामं. मानलेलं: मुद्दाम करतात, भिडस्तपणाचा फायदा घेतात, धडा शिकवल्याशिवाय सरळ येणार नाहीत. तुमची सगळी चाल या तिसऱ्या रकान्यावर उभी आहे.

त्याऐवजी पहिला रकाना नीट वाचा. तुम्ही मोबाइलवर चिमटा काढलात आणि त्यांनी कागद काढला. ते ग्रुपवर भांडले नाहीत. हा आयुष्यभर अर्ज, ठराव, इतिवृत्त यांत वावरलेला माणूस आहे. त्याला पाणउतारा सहन होत नाही, पण रीतसर आलेला कागद तो टाळू शकत नाही. अशा माणसाला लेखी, मुद्देसूद, शांत पत्र हवं. उलट, काही माणसं कागद दिसला की 'आता कोर्टात जाणार का' म्हणून बिथरतात, त्यांच्याशी चहावर बोलावं लागतं. तुमचे काका पहिल्या जातीचे दिसतात.

आणि ती आई. पत्रात तुम्ही एका वाक्यात तिला ओलांडून पुढे गेलात. बाथरूमची लादी उखडायची म्हणजे त्या घरात काय होईल, ते जरा डोळ्यांपुढे आणा. अंथरुणाला खिळलेल्या बाईंचं रोज अंग पुसायचं, रोज चादरी धुवायच्या, त्यासाठी गरम पाणी लागणार. भिंतीपलीकडे छिन्नी-हातोडा सुरू. चौथा मजला, लिफ्ट नाही, डेब्रिजच्या गोण्या खांद्यावरून उतरवायच्या, सिमेंट-रेती तशीच चढवायची, आणि हे आठ-दहा दिवस. काकांच्या 'बघू'चा अर्थ 'तुम्हाला मोजत नाही' असा असू शकतो. 'हे जमवायचं कसं ते मला कळत नाही आणि बाहेरच्या बाईसमोर ते कबूल करवत नाही', असाही असू शकतो. कंजूषपणा असेल, किंवा तिन्ही मिसळलेलं असेल. मी काकांची वकिली करत नाही. दोन वर्षं टोलवाटोलवी झालीच आहे आणि 'साहेबांना पाठवा' हे तर निखालस अपमानकारक होतं. पण कुठल्या कारणासाठी टाळतात हे न कळता तुम्ही कितीही जोर लावला तरी तो बंद दारावरच लागेल.

माहिती कशी काढायची? विचारून. वॉचमनला, कामवाल्या बाईंना छेडू नका. वीस घरांच्या इमारतीत ती चौकशी संध्याकाळपर्यंत चौथ्या मजल्यावर पोहोचते आणि तिचं नाव 'पाळत' होतं.

अशा वेळी कुणीतरी प्रतापगडाचा दाखला देतंच, तर मीही देतो. लोकांना १६५९च्या त्या भेटीतली वाघनखं आठवतात. त्याआधी पंताजी गोपीनाथ वकील म्हणून खानाच्या गोटात जाऊन आले होते, आणि वाईच्या सपाटीवर आपला निभाव लागणार नाही हे महाराजांनी ओळखून खानाला जावळीच्या रानात यायला लावलं होतं, हे मागे पडतं. तुम्हाला त्यातला पंताजींचा भागच घ्यायचाय. पुढचा नको, कारण काका अफझलखान नाहीत आणि भेट झाल्यावरही पुढची वीस वर्षं तुमच्याच डोक्यावर अंघोळ करणार आहेत.

भेटीची तयारी अशी. ग्रुपवरची ती पोस्ट काढून टाका आणि तिथेच एक ओळ लिहा: 'वैयक्तिक शेरा मारायला नको होता, तो मागे घेते. गळतीबद्दल संबंधितांशी लेखी बोलेन.' जिथे पाणउतारा केला तिथेच तो मागे घ्यावा लागतो, खासगीत म्हटलेलं सॉरी चालत नाही. यात गळतीची तक्रार मागे घेतलेली नाही, हे लक्षात घ्या. मग चार ओळींचं पत्र (शेवटी देतो) लेटरबॉक्समध्ये न टाकता स्वतः हातात द्या. आईंचं जेवण, औषधं, झोप यांच्या वेळा टाळून, आणि वेळ त्यांनाच ठरवू द्या. सोबत वही, पाच-सहा फोटो आणि बाथरूमचं पेन्सिलने काढलेलं चित्र न्या. नवऱ्याला न्यायचं तर न्या, पण बोलणार तुम्ही. 'साहेबांशी बोलतो' पुन्हा आलं तर, आणि ते येईल, तुमचं वाक्य आधीच तयार हवं: "काका, घर माझ्या नावावर आहे, तेव्हा बोलणं माझ्याशीच होईल." आवाज न चढवता, आणि त्यापुढे एक शब्द नाही. घरी मोठ्याने दहा वेळा म्हणून बघा, हसू नका. तुमची ठिणगी तिथेच पडते हे तुम्हाला माहीत आहे. त्यांनी ते मुद्दाम म्हटलं की सवयीने, दोन्ही वेळी हेच उत्तर पुरतं.

बसल्यावर पहिला प्रश्न दुरुस्तीचा नको. "काम काढायचं झालं तर तुमच्याकडे सगळ्यात अडचण कशाची होईल?" हा विचारा आणि गप्प बसा. उत्तरात आई आली तर सोय बोला. खर्च आला तर आकडे बोला. '२०१७' आलं तर म्हणा, "तेही तपासू, माझ्याकडचं छताजवळचं काम उघडून दाखवते." तुम्ही आपली कच्ची बाजू स्वतःहून टेबलावर ठेवलीत की त्यांच्या तीन पानांतला निम्मा दारूगोळा ओला होतो.

सोयीचं गणित तुमच्या पत्रातच आहे. संडास-बाथरूम वेगळे आहेत. म्हणजे काम चालू असताना संडास चालू राहतो, खोटी होते ती अंघोळीची आणि कपड्यांची. तशा घरांत स्वयंपाकघरात मोरी असेल तर आईंपुरतं पाणी तिथे भागतं. बाकीच्यांच्या अंघोळीला आणि चादरी धुवायला तुमचं बाथरूम आणि वॉशिंग मशीन आठ दिवस देता येईल का? देता येत असेल तरच म्हणा, उगाच औदार्य नको. कामाचा क्रम साधारण असा: पहिल्या दिवशी लादी आणि कोबा उखडून डेब्रिज खाली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ट्रॅप आणि सांधे बदलणं. मग वॉटरप्रूफिंगचा थर आणि कोबा, दोन-तीन दिवस पाणी मारणं, नवी लादी बसवण्याआधी पुन्हा पाणी कोंडून २४ तास चाचणी, आणि शेवटी लादी. ती मधली चाचणी घाईत गाळली जाते आणि सहा महिन्यांनी सगळं पुन्हा उखडावं लागतं. त्यामुळे कोटेशनमध्ये ती स्वतंत्र ओळ म्हणून लिहून घ्या. तीन कोटेशनं घ्या आणि एक तरी प्लंबर काकांनी सुचवलेला असू दे. पैशाचा शेवटचा पाचवा हिस्सा काम संपल्यावर महिनाभर गळती नाही असं दिसल्यावरच द्यायचा.

चाचणीत दोष फक्त लादीच्या फटींत निघाला तर सगळं उखडायची गरज नाही. फटी खरवडून इपॉक्सी भरण्याचं काम एका दिवसात होतं, वर साधारण एक दिवस कोरडं ठेवायचं. आईंच्या दृष्टीने हा पर्याय आधी तपासण्यासारखा आहे. पण खालचा सांधा गळत असताना नुसत्या फटी भरल्या तर पैसे वाया. आणि 'काकांना सोडा, आम्ही खालूनच लेप मारून देतो' किंवा 'फॉल्स सिलिंग लावू' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. खालून लेप मारला की पाणी स्लॅबमध्येच अडकतं, सळई गंजत राहते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. फॉल्स सिलिंगमुळे फक्त ते दिसायचं बंद होतं.

समजा एवढं करूनही काका हलले नाहीत. महिनाभर वाट पाहा, पण त्या महिन्यात सोसायटीकडचा रस्ता मोकळा करून ठेवा. सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या: समितीने लेखी सूचना देऊन दोन्ही घरं आणि डक्ट पाहावी, सोबत प्लंबर असावा. समितीला हा अधिकार आहे. दुसरा मुद्दा त्याहून जड. तुमची इमारत तिशी ओलांडून गेलीय, आणि आदर्श उपविधींप्रमाणे अशा इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) दर तीन वर्षांनी व्हायला हवं. शेवटचं केव्हा झालं, अहवालाची प्रत मिळावी, असं विचारा. उघडी पडलेली सळई हा दोन शेजाऱ्यांचा घरगुती मामला राहत नाही, तो इमारतीचा प्रश्न होतो. 'तुमचं तुम्ही मिटवा' हे वाक्य या अर्जावर लेखी द्यायला कुठलाही सेक्रेटरी कचरतो. शिवाय यात रोख काकांवर राहत नाही, त्यामुळे माजी सेक्रेटरी म्हणून ते तुमच्या बाजूनेही बोलू शकतील.

समितीही बधिर राहिली तर वॉर्डाच्या उपनिबंधकांकडे तक्रार, आणि शेवटी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०च्या कलम ९१खाली सहकारी न्यायालय. हा रस्ता खरा आहे पण लांब आहे. त्यावर निघण्याआधी खर्च, तारखांना लागणाऱ्या रजा आणि तुमची चिकाटी यांचा हिशेब करा. वकिलाची नोटीस त्या दारात उभं राहताना पाठवावी. आत्ता पाठवलीत तर काका वकील करतील आणि तुम्हा दोघांचं बोलणं दोन अनोळखी माणसं पत्रांतून करत बसतील. पोलीस फार तर अदखलपात्र नोंद करतील, थेंब त्याने थांबत नाही. मैत्रिणीचं अगदीच चुकलं असं नाही, तिने शेवटची पायरी पहिली सांगितली एवढंच. आणि नवऱ्याचं 'जाऊ दे' दोन वर्षांपूर्वी कदाचित चाललं असतं, सळई दिसल्यावर नाही.

हे सगळं समोरचा माणूस निदान बोलण्याजोगा आहे असं धरून लिहिलंय. ज्यांचा शेजारी दारू पिऊन दारावर लाथा मारतो किंवा अंगावर येतो, त्यांनी त्याच्या मनात शिरायच्या फंदात पडू नये. एकट्याने भेटायचं नाही, व्यवहार लेखी, आणि प्रसंग आलाच तर ११२. घरमालक, ऑफिसातला वरिष्ठ, वाटणीवरून बिनसलेला भाऊ, इथे मात्र तो तीन रकान्यांचा कागद जसाच्या तसा चालतो. भावांच्या बाबतीत 'मानलेलं'चा रकाना सगळ्यात लांब निघतो, कारण आपण त्यांना लहानपणापासून ओळखतो असं वाटत असतं.

पत्राचा मसुदा. हाताने लिहिलंत तरी चालेल, पण काकांसाठी टाइप करा, वर तारीख घाला, आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा:

"स. न. वि. वि. आमच्या बाथरूमच्या छतातून होणाऱ्या गळतीच्या दहा दिवसांच्या नोंदी आणि फोटो सोबत जोडले आहेत. गळती आपल्या बाथरूममधून, डक्टमधून, बाहेरच्या भिंतीतून की आमच्या २०१७च्या कामामुळे, हे आपण दोघांनी मिळून, आपल्याला मान्य असलेल्या प्लंबरकडून तपासून घ्यावं, अशी विनंती. चाचणीचा निम्मा खर्च मी देईन. कोणाचीही जबाबदारी यातून मान्य केली असं होत नाही. आईंच्या प्रकृतीमुळे कोणते दिवस, कोणत्या वेळा सोयीच्या, ते आपण सांगावं, त्याप्रमाणे ठरवू. येत्या पंधरा दिवसांत कळवावं."

खाली सही तुमची. साहेबांची नको.